रेंज फुल्ल, नेट गुल: फोनवरची चिन्हं आणि डेटाचा वेग तपासायचा क्रम

काड्या सगळ्या भरलेल्या, शेजारी ५जी लिहिलेलं, आणि इंदूरच्या छप्पन दुकानच्या गल्ल्यावर यूपीआयचं चक्र फिरतंच आहे. अशा वेळी माणूस आधी फोन बंद-चालू करतो, मग सिम काढून पुसतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर महिन्याभरात कंपनी बदलतो. नव्या कंपनीतही रडगाणं तेच राहतं, कारण बिघाड कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं.

वरच्या पट्टीवरची चिन्हं तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. अक्षर सांगतं नेटवर्क कोणत्या पिढीचं आहे. काड्या सांगतात टॉवरचा आवाज फोनला किती मोठा ऐकू येतोय. बारीक बाण सांगतात या क्षणी डेटाची ये-जा चालू आहे की नाही. वेग यातलं कोणीच सांगत नाही. सराफ्यात रात्री दहाला गाडीवाल्याची हाक कितीही स्पष्ट ऐकू आली, तरी भुट्ट्याच्या किसाची प्लेट हातात कधी पडेल हे पुढच्या रांगेवर ठरतं. टॉवरपाशीही अशीच रांग असते आणि ती काड्यांत दिसत नाही.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा. मधली एखादी गाळली की पुढच्या आकड्यांचा अर्थ चुकीचा लागतो.

## तयारी: पाच मिनिटं, पण गाळू नका

वायफाय बंद करा. निम्म्या तक्रारींत लोक घरच्या ब्रॉडबँडचा वेग मोजून सिमला नावं ठेवत असतात.

व्हीपीएन, डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर बंद करा. बॅटरी सेव्हर चालू असला तर कित्येक फोन ५जी आपोआप बंद करतात. जाहिराती अडवणारं एखादं अॅप बसवलेलं असेल तर तेही बहुतेक वेळा व्हीपीएनच्याच मार्गानं चालतं. तेही थांबवा.

दोन सिम असतील तर सेटिंग्जमध्ये जाऊन डेटा कोणत्या सिमवर आहे ते बघा. वरच्या पट्टीवर काड्यांचे दोन संच दिसतात आणि माणूस हमखास भरलेल्या संचाकडे बघतो. डेटा दुसऱ्याच, अर्ध्या भरलेल्या सिमवर चाललेला असतो.

फोन गार असू द्या. मे महिन्यात इंदूरचा पारा बेचाळिशीकडे सरकतो. गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेला, नकाशा चालू असलेला फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी ५जी सोडून ४जीवर उतरतो. असा फोन घेऊन केलेली चाचणी बाद.

एक कागद घ्या आणि चार रकाने आखा: जागा, वेळ, डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचा आकडा, तो कुठे दिसतो ते पायरी ४ मध्ये), वेग.

तपासणी: डेटा सिम ठरलं, वायफाय बंद, फोन गार. हे तिन्ही झालं असेल तरच पुढे जा.

## १. आधी पॅक बघा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी, आणि निम्मी कोडी इथेच सुटतात. रोजचा दीड किंवा दोन जीबीचा कोटा संपला की कंपनी वेग साधारण ६४ केबीपीएसवर आणते. काड्या आणि ५जी किंवा ४जीचं चिन्ह मात्र जसंच्या तसं राहतं. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. दोन एमबीचा एक फोटो पाठवायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे नेट बंदच पडलंय असं वाटतं.

कंपनीच्या अॅपमध्ये आजचा शिल्लक डेटा बघा. तिथे शून्य असेल तर बाकीची तपासणी उद्यावर टाका. कोटा साधारण मध्यरात्री नव्यानं सुरू होतो.

इथे आणखी एक गुंता आहे. काही पॅकमध्ये ५जीवरचा डेटा अमर्याद असतो, पण फोन ४जीवर उतरला की रोजचा कोटा लागू होतो. घराच्या पुढच्या खोलीत ५जी, मागच्या खोलीत ४जी अशी परिस्थिती असली की पुढच्या खोलीत नेट धावतं आणि मागच्या खोलीत मेल्यासारखं होतं. दोष भिंतीचा वाटतो, प्रत्यक्षात ४जीचा कोटा संपलेला असतो.

## २. अक्षर वाचा

- जी: जीपीआरएस, २जीचं सर्वांत जुनं रूप. प्रत्यक्षात ३० ते ५० केबीपीएस. मजकुराचा मेसेज जाईल, फोटो विसरा.
- ई: एज, हेही २जीच. प्रत्यक्षात १०० ते २०० केबीपीएस. यूपीआय कधी चालतं, कधी वेळ संपल्याचं दाखवून अडकतं.
- ३जी, एच, एच+: तिसरी पिढी आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या. एच+ वर कागदोपत्री २१ किंवा ४२ एमबीपीएस असले तरी हाती दोन ते दहा एमबीपीएस लागले तरी ठीक.
- ४जी किंवा एलटीई: एकाच गोष्टीची दोन नावं. कोणता फोन कोणतं नाव दाखवतो एवढाच फरक. गर्दी नसेल तर १० ते ४० एमबीपीएस सहज.
- ४जी+ किंवा एलटीई+: फोन एकाच वेळी दोन किंवा जास्त बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, जोडून वापरतोय. यासाठी फोनमध्ये तशी सोय लागते. स्वस्त फोनमध्ये ती नसते, म्हणून एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांना वेगळा वेग मिळू शकतो.
- ५जी: चांगल्या जागी शंभरापासून कित्येक शे एमबीपीएसपर्यंत.

आता कंपनीप्रमाणे अर्थ कसा बदलतो ते बघा. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच. त्यामुळे जिओच्या सिमवर ४जी सुटलं की थेट ‘नेटवर्क नाही’. जिओच्या फोनवर ‘ई’ दिसतोय असं कुणी म्हणालं तर बहुधा तो दुसऱ्या सिमचं चिन्ह वाचतोय. एअरटेलनं ३जी बंद केलेलं आहे, पण २जी ठेवलंय. म्हणून एअरटेलवर ४जीवरून फोन सरळ ‘ई’वर आपटतो, मधली पायरीच नाही. बीएसएनएलवर जागेप्रमाणे अक्षर बदलत राहतं.

५जीच्या चिन्हाबद्दल एक इशारा. ५जी दोन पद्धतींनी चालतं. जिओनं स्वतंत्र पद्धत घेतली, तिला एसए म्हणतात. तिथे फोन पूर्णपणे ५जीवर असतो. एअरटेलनं सुरुवात एनएसए पद्धतीनं केली. तिथे फोन ४जीला धरून असतो आणि गरज पडली की ५जी जोडून घेतो. एनएसएमध्ये ‘इथल्या ४जी टॉवरला ५जीची जोड आहे’ एवढ्यावरही फोन ५जी लिहून मोकळा होतो. प्रत्यक्ष डेटा त्या क्षणी ४जीवरून जात असू शकतो. ५जी लिहूनही वेग ४जीचा मिळतो त्याचं मोठं कारण हे.

तपासणी: फोनवर बोलत असताना वरचं अक्षर बघा. कॉल लागताच ४जी जाऊन ‘ई’ आला, तर त्या सिमवर व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, बंद आहे. २जीवर कॉल आणि डेटा एकत्र चालत नाही, त्यामुळे बोलणं संपेपर्यंत नेट बंद. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर व्होल्टी चालू करा, फोन एकदा बंद-चालू करा, आणि पुन्हा कॉल लावून बघा.

## ३. बारीक चिन्हं

काड्यांजवळ उद्गारचिन्ह असेल तर टॉवरशी जोडणी आहे, पण पुढे इंटरनेटपर्यंत रस्ता नाही. पॅक संपणं, एपीएन (सिमला इंटरनेटशी जोडणारी सेटिंग) बिघडणं किंवा कंपनीच्या बाजूचा बिघाड, यांपैकी काहीतरी. फुली असेल तर बहुधा मोबाइल डेटाच बंद आहे. आर म्हणजे रोमिंग.

‘फक्त तातडीचे कॉल’ लिहून आलं तर तुमच्या कंपनीचा टॉवर मिळत नाही, किंवा कंपनीनं तुमचं सिम नोंदवून घेतलेलं नाही. शेजारच्या कंपनीचा टॉवर मात्र फोनला ऐकू येतोय. अशा वेळी ११२ लागतो. पाताळपाणी, कालाकुंड, चोरलच्या घाटात भटकायला जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांसाठी: मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक दूरसंचार सर्कल आहे. बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात शिरलात की सर्कल बदलतं. कंपनी तीच असली तरी काही फोन त्याला रोमिंग समजतात, आणि डेटा रोमिंगची कळ बंद असेल तर नेट थांबतं. काड्या भरलेल्या, आर लिहिलेलं आणि नेट ठप्प दिसलं तर ती कळ चालू करा. देशांतर्गत वापरासाठी बहुतेक पॅकमध्ये वेगळे पैसे लागत नाहीत. परदेशी जाताना मात्र तीच कळ आठवणीनं बंद करा, तिथलं बिल डोळे पांढरे करतं.

## ४. काड्या सोडा, डीबीएम बघा

किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या याचा सगळ्या फोनना बांधील असा नियम नाही. प्रत्येक फोन कंपनी आपला हिशोब लावते. एकाच जागी, एकाच सिमवर एक फोन चार काड्या दाखवतो आणि दुसरा दोन. म्हणून दोन फोनच्या काड्यांची तुलना करू नका. आकडा बघा.

अँड्रॉइडवर: सेटिंग्ज, मग ‘फोनबद्दल’, मग स्टेटस किंवा सिम स्टेटस, आणि तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ. बऱ्याच फोनवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकलं की चाचणीचं पान उघडतं. सॅमसंगवर *#००११# वापरतात. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचं बटण दाबलं की फील्ड टेस्ट उघडते.

आकडा नेहमी उणे असतो आणि गोंधळ इथेच होतो. उणे ७५ हा उणे १०५ पेक्षा चांगला. शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. ४जी आणि ५जीसाठी हा अंदाज धरा:

- उणे ८० किंवा त्याहून चांगला: उत्तम
- उणे ८० ते ९०: चांगला
- उणे ९० ते १००: चालण्याजोगा
- उणे १०० ते ११०: कमजोर, घराच्या आतल्या खोलीत त्रास होणार
- उणे ११० च्या पलीकडे: कॉल तुटणार, नेट अडखळणार

दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, दर १० डीबीला दहावा हिस्सा उरते. बाल्कनीत उणे ७५ आणि देवघरात उणे १०५ असेल तर आत पोचणारी ताकद बाहेरच्या हजाराव्या हिश्शाइतकी आहे. काड्यांत हाच फरक फार तर दोन-तीन काड्यांचा दिसतो.

राजवाडा, सीतलामाता बाजाराकडची जुनी घरं, जाड भिंती आणि अरुंद बोळ हे एक टोक. सुपर कॉरिडॉरकडच्या काचेच्या इमारती दुसरं. दोन्हीकडे सिग्नल आत येताना मार खातो, कारण काचेवरचा धातूचा पातळ थर भिंतीइतकाच आडवा येतो. त्यातही फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितका मार जास्त. ८५० मेगाहर्ट्‌झचा बँड ५ भिंतीतून बऱ्यापैकी जातो, १८०० चा बँड ३ मध्यम, २३०० चा बँड ४० लवकर दमतो, आणि ५जीचा ३५०० मेगाहर्ट्‌झचा एन७८ त्याहूनही लवकर. गच्चीवर ५जी आणि तळमजल्यावर ४जी हा फोनचा बिघाड नाही. पत्र्याची शेड, तळघर आणि लिफ्ट यांच्याबद्दल बोलायलाच नको.

इशारा: चाचणीच्या पानावरच्या कळांशी खेळू नका. ‘फक्त एलटीई’ निवडून वेग वाढतो असं सांगणारे पुष्कळ आहेत. ते निवडलं आणि व्होल्टी नोंदलं गेलेलं नसेल, तर तुम्हाला येणारे कॉल येणारच नाहीत, आणि ते कळायलाही दोन दिवस जातील.

## ५. गुणवत्तेचा आकडा

त्याच पानावर आरएसआरक्यू आणि एसआयएनआर (कुठे एसएनआर) असे आणखी दोन आकडे सापडतील. पहिला उणे १० च्या आसपास किंवा त्याहून चांगला असावा. उणे १५ च्या खाली गेला की गडबड. दुसरा मोठा तेवढा चांगला: २० च्या वर उत्तम, १३ ते २० चांगला, शून्याच्या खाली गेला तर टॉवरच्या आवाजापेक्षा आजूबाजूचा गोंगाट जास्त.

डीबीएम चांगला आणि एसआयएनआर वाईट ही जोडी उंच मजल्यांवर फार दिसते. विजय नगरच्या दहाव्या मजल्यावर एकाच वेळी पाच-सहा टॉवर समोर असतात, सगळे जोरात ऐकू येतात आणि एकमेकांत मिसळतात. तिथे खिडकीजवळ जाण्याचा उलटा परिणाम होतो. खिडकीपासून आत सरकून, एका भिंतीचा आडोसा घेऊन पुन्हा आकडा बघा. कित्येकदा तो सुधारतो.

## ६. आता वेग मोजा

एकक नीट वाचा, नाहीतर आठ पटींचा घोळ. कंपनीची जाहिरात आणि वेग मोजणारी अॅप मेगाबिटमध्ये बोलतात, तर फाइल उतरवताना फोन मेगाबाइट दाखवतो. रोमन लिपीत छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, आणि एक जीबीची फाइल उतरायला सुमारे तीन मिनिटं वीस सेकंद. वरच्या पट्टीत वेग दाखवायची सोय असते तीही बाइटमध्ये असते. तिथे काही उतरत नसताना शून्य दिसणं साहजिकच आहे. तो आकडा त्या क्षणी होणाऱ्या वापराचा असतो, नेटवर्कच्या कुवतीचा नसतो.

मोजण्यासाठी ट्रायचं मायस्पीड किंवा नेहमीचं कुठलंही स्पीडटेस्ट अॅप चालेल. पद्धत अशी:

१. जागा ठरवा आणि फोन टेबलावर ठेवा. हातात घट्ट धरल्यानं आणि लोखंडी रिंगच्या कव्हरानं फरक पडतो.
२. लागोपाठ तीन वेळा मोजा. पहिली मोजणी सोडून द्या, उरलेल्या दोघांची सरासरी लिहा.
३. हेच सकाळी सातला, दुपारी दोनला आणि रात्री साडेनऊला करा.
४. प्रत्येक वेळी डीबीएमही लिहा.

इशारा: मोजणीतही डेटा खर्च होतो. ३०० एमबीपीएसच्या ५जीवर पंधरा सेकंद मोजलं तर साडेपाचशे एमबीहून जास्त उडतात. तुमच्या पॅकमध्ये ५जी अमर्याद नसेल तर तीन चाचण्यांत दीड जीबीचा कोटा साफ.

डाउनलोडच्या आकड्यावर खूश होऊन थांबू नका. आणखी दोन आकडे असतात. पहिला अपलोड. टॉवर कित्येक वॅटनं बोलतो, तर फोन ४जीवर साधारण ०.२ वॅटनं उत्तर देतो. त्यामुळे टॉवरच्या पल्ल्याच्या टोकाला टॉवर तुम्हाला ऐकू येतो, तुमचं उत्तर मात्र त्याच्यापर्यंत धड पोचत नाही. काड्या दिसतात, व्हिडिओ येतो, पण आपला फोटो जाता जात नाही. दुसरा आकडा पिंग, म्हणजे विचारल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ. ४जीवर ३० ते ६० मिलिसेकंद ठीक. तो सारखा शंभर-दोनशेच्या वर जात असेल तर यूपीआय आणि व्हिडिओ कॉल अडखळणार, डाउनलोड कितीही असो.

गरज किती हेही माहीत असू द्या. यूट्यूबवर ३६०पी साठी साधारण ०.७ एमबीपीएस, ७२०पी साठी २.५, १०८०पी साठी ५ आणि ४के साठी २० लागतात. पुण्याच्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल करायला दोन्ही बाजूंनी स्थिर २ ते ३ एमबीपीएस पुरतात. यूपीआयला डेटा नगण्य लागतो, पण तो वेळेवर पोचावा लागतो. तीनशे एमबीपीएस पाहून हरखून जायचं आणि आठ एमबीपीएसला शिव्या द्यायच्या, यात फारसा अर्थ नाही.

## ७. आकडे जुळवा

कागदावरच्या नोंदी एकत्र वाचा.

डीबीएम वाईट, वेग तिन्ही वेळी वाईट. सिग्नल पोचतच नाही. अडचण जागेची, भिंतीची किंवा टॉवरच्या अंतराची.

डीबीएम चांगला, सकाळी वेग उत्तम, रात्री पडलेला. गर्दी. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे मिरवणुकीला, राजवाड्यापाशी काड्या भरलेल्या असताना साधा मेसेज जात नाही, तो याच कारणानं. तिथे फोन बंद-चालू करून काही होत नाही. उलट, पुन्हा जोडणी मिळवायला आणखी वेळ जातो. अशा दिवशी फोन ४जीवर ठेवून पाहा, आणि त्यात जमलं नाही तर एसएमएस वापरा. त्याला जागा फार कमी लागते.

डीबीएम चांगला, वेग दिवसभर शंभर केबीपीएसच्या आत. कोटा किंवा एपीएन. पायरी १ वर परत जा.

डीबीएम चांगला, एसआयएनआर वाईट. गोंगाट. जागा बदला.

सगळं चांगलं, एकच अॅप संथ. नेटवर्क निर्दोष आहे. ते अॅप किंवा त्याचा सर्व्हर बघा.

## ८. दुरुस्ती: फुकटातलं आधी

१. विमान मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा. फोन टॉवर नव्यानं शोधतो. फोन बंद-चालू करण्यापेक्षा हे लवकर होतं आणि बहुतेक वेळा पुरतं.

२. नेटवर्कचा प्रकार ‘५जी/४जी/३जी/२जी आपोआप’ वर आहे का बघा. ५जी येऊन-जाऊन असेल तर फोन सारखा उड्या मारत राहतो, बॅटरी खातो आणि दर उडीला नेट क्षणभर थांबतं. अशा घरात ५जी वगळून ‘४जी/३जी/२जी आपोआप’ वर ठेवणं शहाणपणाचं.

३. नेटवर्कची निवड आपोआपवर आहे याची खात्री करा. कुणीतरी कधीतरी हातानं निवडलेलं असतं आणि मग महूच्या पुढे फोन मुका होतो.

४. एपीएनच्या पानावर जाऊन ‘मूळ स्थितीत आणा’ निवडा. हातानं अक्षरं टाइप करण्यात एक टिंब चुकलं तरी सगळं बंद.

५. दुसऱ्या फोनमध्ये सिम घालून त्याच जागी मोजा. तिथे सिम नीट चाललं तर दोष फोनचा.

६. नेटवर्क सेटिंग्ज रीसेट. यात साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. पासवर्ड आधी लिहून ठेवा.

७. घरात ब्रॉडबँड असेल आणि अडचण कॉलची असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. कॉल भिंतीतून टॉवरपर्यंत न जाता ब्रॉडबँडवरून जातो. जुन्या वाड्यांसाठी आणि तळघरातल्या दुकानांसाठी याच्याइतका स्वस्त उपाय नाही, आणि आश्चर्य म्हणजे सर्वांत कमी वापरलाही हाच जातो.

८. सिम फार जुनं, ३जीच्या काळातलं असेल तर बदलून घ्या. पण नवं सिम चालू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. वीजबिलाच्या शेवटच्या तारखेला सिम बदलायला जाऊ नका.

इशारा: ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर घेऊ नका. परवाना असलेल्या कंपनीखेरीज इतरांनी असा रिपीटर बसवणं बेकायदा आहे. शिवाय तो आजूबाजूच्या टॉवरमध्ये गोंगाट घालतो आणि सगळ्या गल्लीचं नेट बिघडवतो. फोनला चिकटवायची सोनेरी स्टिकरं बेकायदा नाहीत, नुसती निरुपयोगी आहेत.

## ९. तक्रार, आणि शेवटी पोर्ट

तक्रारीसाठी १९८ लावा. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलंत तर फोन बंद-चालू करा असं उत्तर मिळेल. कागद समोर धरून सांगा: पत्ता, मजला, तिन्ही वेळा, डीबीएम, वेग, आणि दुसऱ्या फोनमध्येही हेच झालं. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर समाधानकारक नसेल तर तोच क्रमांक घेऊन ३० दिवसांत कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

कंपनी बदलायची असेल तर आधी नव्या कंपनीचं सिम असलेला शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा फोन तुमच्या त्याच खोलीत, त्याच तीन वेळांना ठेवून मोजा. लोकमान्य नगरात काकांकडे छान चालतं म्हणून राजेंद्र नगरात आपल्याकडे चालेल असं नाही. कंपन्यांच्या संकेतस्थळावरचे कव्हरेजचे नकाशे पाहा, पण ते घराबाहेरचं चित्र दाखवतात. भिंतीचा हिशोब तुमचा तुम्हालाच करावा लागतो.

मोजणीत नवी कंपनी खरोखर चांगली निघाली तर रोमन मोठ्या अक्षरांत ‘पोर्ट’, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवा. येणारा कोड साधारण चार दिवस चालतो, म्हणून दुकानात जायचा दिवस ठरवूनच मेसेज करा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं, आणि गेल्या सात दिवसांत सिम बदलून घेतलेलं नसावं. वर सांगितलेली सिम बदलायची पायरी आणि पोर्ट एकाच आठवड्यात करायला जाल तर अर्ज अडेल.

नवं सिम चालू झालं की लगेच तीन गोष्टी बघा: डेटासाठी तेच सिम निवडलेलं आहे, व्होल्टी चालू आहे, आणि कॉल चालू असताना अक्षर ४जी किंवा ५जीच राहतं. मग त्याच टेबलावर पुन्हा तीन वेळा मोजून कागदावर जुन्या आकड्यांशेजारी लिहा.